खळ्यावरच्या वाऱ्याची परवानगी

वाऱ्याला परवानगी कशाला लागते, असे लोक मला आयुष्यभर थट्टेने विचारीत आले. मी प्रत्येक वेळी गंभीरपणे सांगत आलो, की परवानगी वाऱ्याला लागत नाही. वाऱ्यात जो खांब उभा करायचा असतो त्याला लागते. वारा कोणाच्या मालकीचा नसतो. ऊनही नसते. परंतु खांबाला पाय टेकायला हातभर जागा लागते, आणि ती हातभर जागा या भूतलावर नेहमी कोणाची तरी असते. त्या कोणाला तरी शोधून काढणे, त्याच्यापुढे नम्रपणे बसणे आणि त्याची सही घेऊन येणे, हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय होता.

मी मूळचा पाठशाळेतला. वायुदेवतेची सूक्ते मी ज्या वयात तोंडपाठ केली, त्या वयात इतर मुले पतंग उडवीत होती. तेव्हा वाऱ्याशी संबंध दोघांचाही आला, एवढेच म्हणता येईल. पुढे मूल या गावच्या एका शाळेत संस्कृत शिकविले. त्या शाळेतून संस्कृत गेले तेव्हा त्याच्यासोबत मीही गेलो. मग एका संस्थेत लागलो. ही संस्था चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीतील लहान गावांत लहान पवनचक्क्या आणि सौर पंप बसवीत असे. अक्षर चांगले आणि बाबूंसमोर राग येत नाही, या दोन गुणांवर परवानग्यांचे काम माझ्याकडे आले. सकाळची संध्या आटोपून, कपाळावरचे गंध तसेच ठेवून मी कार्यालयांत जाई. पहिल्या भेटीत बहुतेक बाबू मला उत्सवाची वर्गणी मागायला आलेला समजत आणि खिशात हात घालीत. मी फाईल पुढे केली की त्यांचा चेहरा उतरे. वर्गणी परवडली असती, असा भाव त्यावर स्पष्ट दिसे.

गिऱ्हाइकेही एकेक भेटली. मूलच्या एका राइस मिलच्या मालकांना पवनचक्की हवी होती. जागा पाहायला गेलो तो मिलच्या चारही बाजूंना त्यांनीच बांधलेली उंच गोदामे. मी विचारले, "येथे वारा कोठून येणार?" ते म्हणाले, "तेच तं काम आहे न तुमचं, शास्त्रीजी. परवानगी आणा, मंग येईन." आलापल्लीकडे एका रोपवाटिकेसाठी सौर पट्ट्या बसवायच्या होत्या. तेथील वनपालांनी फार अगत्याने, शतकभर वयाच्या सागांच्या गर्द सावलीत एक जागा दाखविली. "इथे तुमच्या पट्ट्यांना उन्हाचा अजिबात त्रास होणार नाही," असे ते म्हणाले. चहा घेऊन परत आलो.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण मला सांगायची आहे ती एकाच फाईलची हकीगत, कारण तिच्यातली चूक माझी होती.

जिवतीच्या डोंगरावर एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे. त्याला आपण जांभूळटोला म्हणू. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारी तीसेक घरे. गाव डोंगरावर आणि पाणी पायथ्याशी, एका झिऱ्याला. विजेची तार गावात पोचली होती. परंतु पंप चालावा एवढा जोर तिच्यात क्वचितच असे. तेव्हा एक लहान पवनचक्की, तिच्या जोडीला थोड्या सौर पट्ट्या, झिऱ्यावर पंप आणि वर गावात टाकी, अशी योजना संस्थेने आखली. तिचा निधी मार्चअखेरपर्यंतचा होता. तोवर परवानगीचे कागद पूर्ण झाले नाहीत तर तो आल्या वाटेने परत जाणार होता, आणि गेलेला निधी पुन्हा डोंगर चढत नाही हा माझा अनुभव आहे.

गावच्या पाणी समितीचे काम गिरजाबाई पाहत. वय पन्नाशीचे, नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली, बोलणे तिखट. मागल्या उन्हाळ्यात त्यांची सून पाण्याने भरलेले गुंड, म्हणजे हंडे, डोक्यावर घेऊन डोंगर चढताना घसरली आणि तिचे मनगट मोडले. तेव्हापासून गिरजाबाई सासू-सुना दोघींच्या वाट्याचे पाणी एकट्याच वाहत होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितले, "महाराज, कागद किती लागते ते नोका सांगू. पाणी पुढच्या उन्हाळ्याच्या आधी येते का नंतर, येवढंच सांगा. माहे गुडघे आता इचारून राह्यले मले."

जागेची निवड आमच्या अभियंता प्राजक्ता यांनी केली. नागपूरची मुलगी, वयाने माझ्या नातीएवढी. मला आजोबा म्हणावे की सर म्हणावे या संभ्रमातून तिने 'शास्त्रीसर' असा मध्यम मार्ग काढला होता. तिने गावाला विचारले, सर्वांत उंच जागा कोणती? गावाने टोल्यामागचा माळ दाखविला. तेथे तिने वारा मोजला, तो पुरेसा होता, आणि तेथे अठरा मीटरचा खांब उभा करायचे ठरले.

माळ वनजमिनीत होता. ही काही अडचण नव्हे. वनहक्काच्या कायद्यात गावाच्या सोयीसाठी, एक हेक्टरच्या आतली वनजमीन देण्याची वाट ठेवलेली आहे. ग्रामसभेचा ठराव हवा, झाडे फार तोडायची नाहीत, आणि अर्जासोबत जागेचे वर्णन जोडायचे. ग्रामसभा झाली. निम्म्याहून अधिक गाव हजर, बायका पुढच्या ओळीत. झाडे मोजली तर तीन पळस. आणि जागेचे वर्णन लिहायला मी बसलो.

त्या माळावर मातामाय आहे. एका सपाट दगडावर शेंदूर लावलेली एक उभी शिळा, आणि शेजारी बांबूला लाल झेंडा. न छप्पर, न भिंत. मी प्रथम गेलो तेव्हा नारळ ठेवून नमस्कार केला होता. ज्या स्थानी आपण नमस्कार केला त्याचा उल्लेख केल्यावाचून त्या जागेचे वर्णन पुरे कसे होईल, असे मला वाटले. म्हणून मी लिहिले, 'सदर माळाच्या ईशान्य कोपऱ्यात ग्रामदेवता श्रीमातामाय हिचे प्राचीन व जागृत स्थान असून, प्रस्तावित खांब देवीच्या कृपाछत्राखाली उभा राहील.' वाक्य मला फार आवडले. मी ते दोनदा वाचले. फाईल वनखात्याच्या कार्यालयात दिली आणि महिनाभर निर्धास्त राहिलो.

तेथील येरणेबाबू म्हणजे अत्यंत नेमस्त मनुष्य. बोलावणे आले म्हणून गेलो तर त्यांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली.

"शास्त्रीजी, हे देवस्थान आहे म्हणता?"

"आहे."

"जागृत आहे?"

"निःसंशय."

"मंग त्याचं ना हरकत प्रमाणपत्र कुठी आहे?"

मी सांगितले, की तेथे विश्वस्त नाहीत, नोंदणी नाही, एक शिळा आणि एक झेंडा आहे.

"नुसती शिळा असती तं गोष्ट वेगळी होती," येरणेबाबू म्हणाले. "तुम्ही जागृत लिहिलं. जो जागृत आहे तो हरकत घेऊ शकते. उद्या घेतली तं साहेब मले इचारतीन, येरणे, तुम्ही झोपले होते का."

तर्कशास्त्र मी तीन वर्षे शिकलो आहे. या युक्तिवादात मला दोष सापडला नाही.

माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "असं करा. हे पान काढून घ्या, दुसरं लावा. 'परिसरात कोणतेही धार्मिक स्थळ नाही.' एक ओळ. फाईल अजून माह्याच टेबलावर आहे. कोणाले काऊन समजन?" त्यांनी कोरा कागद दिला. एवढा उपकार त्या टेबलावरून सहसा होत नसे.

मी पेनचे टोपण काढले. 'परिसरात' हा शब्द लिहिला. त्यापुढे हात चालेना. जिच्यापुढे आपण नारळ ठेवला, ती तेथे नाही असे आपल्या सहीने लिहायचे होते. मी टोपण लावले आणि म्हणालो, "ना हरकत आणतो."

"कोणाकडून?" येरणेबाबूंनी विचारले. ते मलाही ठाऊक नव्हते.

बाहेर चहाच्या टपरीवर प्राजक्ता वाट पाहत होती. तिने सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "शास्त्रीसर, देवी रागावली नसती हो."

"रागावली असती असे मी कुठे म्हणतो? मला लिहिता येईना."

"मग मी लिहिलं असतं."

"मग तुला अडविता आले नसते, आणि तेही मला आवडले नसते."

तिने कपाळाला हात लावला. तिचे म्हणणे असे, की माझ्या एका सुंदर वाक्यापायी गिरजाबाईंना आणखी एक उन्हाळा डोंगर चढावा लागेल. ते खरे होते. आजही ते वाक्य आठवले की प्रथम त्यातली शब्दयोजना आठवते आणि मग गिरजाबाईंचे गुडघे. याची मला लाज वाटते.

मातामायची पूजा करणारे देवाजीभाऊ हे गिरजाबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की आमच्या भागात जुन्या वळणाच्या घरांत भावजय भासऱ्यांशी थेट बोलत नाही. पदर पुढे ओढते, तोंड दुसरीकडे करते, आणि जे सांगायचे ते नवऱ्याकरवी सांगते. भासरेही तिला नावाने हाक मारीत नाहीत. हा मान झाला. पण या दोघांत याहून अधिक काही होते. नवरा वारल्यापासून नऊ वर्षे त्यांच्यात शब्द गेला नव्हता. तेराव्यानंतर देवाजीभाऊंनी वावर, म्हणजे शेत, वेगळे केले, असे गाव सांगे. कशावरून, ते कोणाला सांगता येत नसे.

मी देवाजीभाऊंकडे गेलो. दोरी वळत बसले होते. मी सर्व निवेदन केले आणि म्हणालो, "देवीच्या वतीने तुम्ही ना हरकत द्यावी, अशी विनंती आहे."

"पण हरकत हाये," ते म्हणाले.

"कोणती?"

"मायच्या झेंड्याच्या वर या डोंगरावर काई जात नाई. दुमजली घर पायलं का तुम्ही इथी? मोबाईलचा टावर सुद्धा पल्याडच्या डोंगरावर गेला. तुमचा खांब झेंड्याच्या तिप्पट."

प्राजक्ता सोबत होती. तिने उपाय सुचविला, "काका, मग झेंड्याचा बांबूच मोठा लावू या ना. आम्ही आणून देतो."

देवाजीभाऊंनी दोरी खाली ठेवली. "पोरी, तो बांबू माह्या आज्यानं मापून ठेवला. दरसाल चैतात त्याच मापाचा कापतो. मी मायले उंच केलं तं ते माही माय झाली. मंग गावाची कुठी राह्यली?"

परतताना मी वहीत तारीख घालून लिहिले, 'देवस्थानाची हरकत आहे.' माझ्या व्यवसायात हरकत पुष्कळांनी घेतली. परंतु इतक्या स्पष्ट कारणासह, पहिल्याच भेटीत आणि चहापाण्याची अपेक्षा न धरता घेतलेली ती एकच.

ही वार्ता गिरजाबाईंना सांगणे भाग होते. त्या घरी नव्हत्या, खळ्यावर होत्या. जांभूळटोल्याच्या खाली दोन टेकड्यांच्या मध्ये एक खिंड आहे, आणि तिच्या तोंडाशी त्यांचे वावर. तेथे गिरजाबाई तूर उपणीत होत्या. सूप डोक्यावर धरून दाणे हळूहळू सोडीत होत्या. दाणे पायाशी पडत होते आणि कुटार सरळ उडून येत होते ते माझ्या अंगावर. धोतर, उपरणे, कपाळावरचे ओले गंध, सर्वत्र कुटार चिकटले. उपरणे तर एकदा उडालेच. ते आणायला मी साठीनंतर प्रथमच धावलो.

"बाजूले उभे राहा न, महाराज," गिरजाबाई म्हणाल्या. "वाऱ्यात काऊन उभे राह्यले?"

मी उपरणे सावरीत विचारले, "येथे नेहमीच इतका वारा असतो?"

"इथी नाई तं कुठी? आमच्या सासऱ्याच्या आज्यापासून उपणणी इथीच. साऱ्या गावात वारा पडला तरी हे खिंड थांबत नाई. चैतात तं डोयात माती जाते."

"मग बाई, तुम्ही आम्हाला माळ का दाखविला?"

त्यांनी सूप खाली घेतले आणि माझ्याकडे फार करुणेने पाहिले. "मॅडमनं इचारलं, उंच जागा कोणती. आम्ही दाखवली. वारा कुठी लागते, असं कोणी इचारलंच नाई."

मी संहितेतील वायूची सारी विशेषणे जाणणारा मनुष्य, प्राजक्ता वायुवेगमापक घेऊन हिंडणारी. आणि आम्हा दोघांनाही हा प्रश्न सुचला नव्हता. मी तेथेच मातीवर बसलो. गिरजाबाईंनी मला पाणी दिले. ते त्यांनीच वर आणलेले होते, म्हणून मी अर्धेच प्यालो.

प्राजक्ताने दुसऱ्याच दिवशी खळ्याजवळ बांबूवर मापक बांधला. पंधरा दिवसांनी तिने आकडे पाहिले. माळापेक्षा खिंडीत वारा अधिक होता. शिवाय खिंड इतकी खाली, की खांबाचे टोक मातामायच्या झेंड्याच्या पुष्कळ खाली राहत होते. देवाजीभाऊंनी झेंड्यापाशी उभे राहून, डोळ्यांवर हात धरून स्वतः पाहिले. "खाली हाये," ते म्हणाले. "मायची हरकत नाई." ते वावर खाजगी. म्हणजे वनजमिनीचा प्रश्नच मिटला. शेतमालकांची संमती आणि ग्रामपंचायतीचे ना हरकत, एवढ्यावर काम होणार होते. मी येरणेबाबूंकडे जाऊन फाईल मागे घेतली. फाईल मागे घेण्यासाठीही अर्ज लागतो, तो मी आधीच लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला आणि जरा निराश होऊन विचारले, "यात जागृत काईच नाई का?"

आता सातबारा पाहिला. वावर वेगळे झाले होते, पण खळे वेगळे झाले नव्हते. त्यावर दोन नावे होती: देवाजीभाऊंचे आणि गिरजाबाईंचे. दोन सह्या हव्या होत्या, एकाच कागदावर. शिमगा तोंडावर आला होता आणि मार्च संपत चालला होता.

देवाजीभाऊ म्हणाले, "मायची हरकत नाई म्हटलं मी. माही तं इचारलीच नाई कोणी. तिनं इचारावं."

गिरजाबाई म्हणाल्या, "त्याईनं बोलवावं. मोठे हायेत."

असे चार दिवस गेले. मी डोंगर इतक्या वेळा चढलो-उतरलो की गिरजाबाईंच्या गुडघ्यांविषयी माझे ज्ञान आता केवळ शाब्दिक राहिले नव्हते. पाचव्या दिवशी मी दोघांनाही स्वतंत्रपणे सांगितले, की सही करू नका, पण खळ्यावर मोजणी आहे, मालकाला हजर राहावे लागते. मोजणी खरोखरच होती. प्राजक्ताकडून मी ती मुद्दाम त्याच सकाळी ठेवविली होती. एवढ्या युक्तीबद्दल देवाने मला क्षमा केली असावी.

दोघेही आले. खळ्याच्या मधोमध जुनी मेढ, म्हणजे मळणीचा खांब, होती. तिच्या या बाजूला देवाजीभाऊ, त्या बाजूला पदर पुढे ओढून, खिंडीकडे तोंड करून गिरजाबाई. मध्ये मी, मांडीवर संमतीपत्र. दोघांत अंतर सहा हातांचे. एकाचे बोलणे दुसऱ्याला स्वच्छ ऐकू येत होते. तरीही ते माझ्याकरवीच जाणार, हे उघड होते.

गिरजाबाई खिंडीला म्हणाल्या, "महाराज, त्याईले म्हणा, नऊ वर्स मिजास ठेवली, आता कोणासाठी ठेवता."

मी देवाजीभाऊंकडे वळून म्हणालो, "त्यांचे म्हणणे असे, की आपण मन मोठे करावे."

"असं नाई म्हटलं तिनं," देवाजीभाऊ म्हणाले. "मिजास म्हटलं. मी ऐकलो. जसं म्हणते तसं सांगत जा, महाराज. तुमच्या भाषेत सांगान तं आमचं भांडण बिघडन."

मी क्षमा मागितली आणि पुढे शब्दशः निरोप नेऊ लागलो. आयुष्यात इतके शुद्ध काम मी क्वचित केले असेल.

देवाजीभाऊ म्हणाले, "तिले इचारा, तेराव्याच्या दिवशी मी ओसरीवर सांजेपर्यंत बसून होतो. वावर सोबत करायचं का वेगळं, येवढं एक तिनं सांगून पाठवायचं होतं. नाई पाठवलं. मंग मी समजलो, तिले वेगळं पायजे. म्हणून वेगळं केलं."

मी सांगितले. गिरजाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. मग त्या म्हणाल्या, "त्याईले म्हणा, कोणाच्या हातून पाठवू? ज्याच्या हातून पाठवत होती तो तं गेला होता. मी आत बसून वाट पाहत होती, भासरे काई म्हणतीन. दुसऱ्या दिवशी पायते तं वावराच्या मधात धुऱ्याचा बांध घातलेला. मी समजली, मले काढलं."

हे वाक्य मला पलीकडे न्यायचे होते. मी देवाजीभाऊंकडे वळलो आणि तसाच राहिलो. त्यांनी ते ऐकलेच होते. ते मेढीवरच्या भेगेत बोट घालून बसले होते. नऊ वर्षे दोन घरांतून एकमेकांची वाट पाहिली गेली होती. भांडण म्हणून ज्याची साऱ्या गावात ख्याती होती, ते भांडण झालेलेच नव्हते; निरोप नेणारा माणूस तेवढा मेला होता.

"महाराज," जरा वेळाने गिरजाबाईंनी विचारले, "उपणायले आली का खळं नेहमी झाडून असते. कोण झाडते, इचारा."

"खळं हाये," देवाजीभाऊ मेढीला म्हणाले. "झाडाच लागते."

मी संमतीपत्र पुढे केले. देवाजीभाऊंनी चष्मा लावून ते सावकाश वाचले आणि एक नवी हरकत काढली. त्यांचे म्हणणे असे, की ते चाक वारा खाईल, मग तूर उपणायला काय उरेल? प्राजक्ताने उंची, दिशा, अंतर सारे समजावून सांगितले. त्यांनी सर्व लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाले, "हो, पण वारा तं तोच न." तेव्हा मी पेन घेऊन शेवटी एक कलम लिहिले: उपणणीचे दिवसांत खळ्यावर काम चालू असेतो यंत्र थांबविण्यात यावे. प्राजक्ताने आकाशाकडे पाहिले, पण विरोध केला नाही. देवाजीभाऊंनी सही केली, खाली गिरजाबाईंनी केली. ग्रामपंचायतीचे ना हरकत दोन दिवसांत मिळाले आणि मार्च संपायच्या आत फाईल पूर्ण झाली. वैशाखाच्या आधी खांब उभा राहिला. ते कलम आजही पाळले जाते; माघात तूर आली की आठ दिवस चाक बांधून ठेवतात, आणि तेवढे दिवस सौर पट्ट्यांवर भागवितात. शास्त्राच्या दृष्टीने त्याची काही गरज नाही, असे प्राजक्ता अजूनही मला फोनवर सांगते. मी हो म्हणतो.

सह्या झाल्यावर मी कागद घडी करून पिशवीत ठेवीत होतो. ऊन चढले होते, खिंडीतून वारा येत होता. गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या आणि पदर सावरीत, तोंड खिंडीकडे ठेवून म्हणाल्या, "महाराज, एक राह्यलंच. त्याईले इचारा, पाणी वर आलं का पयला गुंड मायच्या पायावर ओतायचा का घरी न्यायचा?"

प्रश्न पूजेचा होता आणि त्यावर मलाही मत होते. मी घसा साफ करून देवाजीभाऊंकडे वळलो. पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

"घरी ने, गिरजा," ते म्हणाले. "सुनेचा हात अजून बरा नाई."

"बरं," गिरजाबाई म्हणाल्या.

मी तोंड मिटले, पिशवी खांद्याला लावली आणि डोंगर उतरू लागलो.